थ्रॉटलवरचा हात

भिवंडीजवळच्या आमच्या दिघाशीत मला अजूनही ‘इमानवाला’ म्हणतात. मी विमान कधी उडवलं नाही, हे सांगून सांगून मी थकलो आणि शेवटी सांगायचं सोडून दिलं. मी होतो इंजिनिअर. तोही इंजिनाचा नाही. विमानातली जी यंत्रं वैमानिकाला उंची, वेग आणि दिशा सांगतात, आणि जी त्याच्या वतीने विमान सांभाळतात, ती ठणठणीत ठेवणं हे माझं काम. निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं. तरी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कुणीतरी हमखास विचारतो, आता सगळं आपोआप होतं म्हणे, मग पायलट काय करतो? पूर्वी मी तावातावाने वाद घालायचो. आता एका दुपारची गोष्ट सांगतो. ती ऐकून झाली की बहुतेक लोक पुढचं विचारत नाहीत, जेवायला लागतात.

गोष्टीआधी थोडं यंत्राचं सांगायला हवं. फार नाही.

ऑटोपायलट म्हणजे ठरवून दिलेल्या वाटेवर विमान धरून ठेवणारं यंत्र. विमानतळ जवळ आला की धावपट्टीपासून वर आलेली एक न दिसणारी रेडिओची उतरती वाट असते. घसरगुंडीवरून यावं तसं विमान त्या वाटेवरून खाली आणायचं. ऑटोपायलट ती वाट पकडतो. त्याच्या जोडीला असतो ऑटोथ्रॉटल. थ्रॉटल म्हणजे दोन वैमानिकांच्या मधोमध असलेले दोन दांडे. पुढे ढकलले की इंजिनाची ताकद वाढते, मागे ओढले की कमी होते. ऑटोथ्रॉटल हे दांडे आपणहून हलवतो आणि वेग हवा तेवढा राखतो. चाकं टेकायची वेळ आली की तो दांडे पूर्ण मागे घेतो, कारण आता ताकद नको असते.

चाकं टेकायची वेळ आली हे त्याला कळतं रेडिओ अल्टिमीटरवरून. हे यंत्र विमानाच्या पोटाखालून जमिनीकडे लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून उंची मोजतं. अशी दोन यंत्रं असतात, एक डावं, एक उजवं. आमच्याकडच्या त्या विमानांत ऑटोथ्रॉटल फक्त डाव्याचं ऐकायचा. आता समजा, विमान अजून उंच हवेत आहे आणि हे डावं यंत्र बिघडून ‘जमिनीला टेकलो’ असं सांगायला लागलं. ऑटोथ्रॉटल मुकाट दांडे मागे घेणार. उजव्या यंत्रावर चालणारा ऑटोपायलट मात्र वाट सोडणार नाही. ताकद नसलेलं विमान वाटेवर ठेवण्यासाठी तो नाक थोडं वर करणार, मग आणखी वर. वेग उतरत जाणार, आणि एका क्षणी पंखांना विमानाचा भार पेलेनासा होणार.

हे कल्पनेतलं नाही. परदेशात एक विमान असंच धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडलं होतं. माणसं गेली. त्यानंतर आमच्यासारख्यांच्या टेबलावर सुरक्षेचे आदेश येऊ लागले. सार असं, की रेडिओ अल्टिमीटरवर शंका असेल तर त्याच्याशी जोडलेला ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल उतरणीत वापरायचा नाही. आणि वापरत असताना शंका आली तर उतरणं सोडून द्यायचं, विमान हाताने घ्यायचं आणि वर जायचं. वाचायला दोन ओळी. पण दोन ओळी माणसाच्या अंगात मुरवायला किती खटपट लागते, ते मी कॅप्टन सरनाईकांकडे पाहून शिकलो.

सरनाईक आमच्याकडचे जुने वैमानिक आणि प्रशिक्षक. कोल्हापूरकडचे, अंगाने किरकोळ, आवाज इतका हळू की वर्गात शेवटच्या बाकावरचे पुढे सरकून बसत. नव्या वैमानिकांना ते खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये शिकवत. यंत्रांची बाजू समजावायला मला बोलावत, म्हणून मी ते पुष्कळदा पाहिलं आहे. त्यांचा एक हट्ट होता. उतरणीत ऑटोथ्रॉटल चालू असला तरी विमान उडवणाऱ्याचा एक हात दांड्यांवर पाहिजे. धरायचे नाहीत, अडवायचे नाहीत, नुसता हात ठेवायचा. कुणाचा हात मांडीवर दिसला की सरनाईक सराव थांबवत आणि पुन्हा उड्डाणापासून सुरू करायला लावत. मुलं वैतागत. पाठीमागे त्यांना हेडमास्तर म्हणत. एकाने धीर करून विचारलं होतं, की यंत्र काम करतंय ते समोर पडद्यावर दिसतंच, मग हात कशाला? सरनाईक म्हणाले, “डोळे दहा ठिकाणी असतात. हात एकाच ठिकाणी असतो. त्याला आधी कळतं.”

त्यांच्या वर्गातून शिकून बाहेर पडलेल्यांत रेवती नावाची एक मुलगी होती. नागपूरची. हुशार होतीच, पण मला तिचं आवडायचं ते हे, की तिला कळलं नाही तर ती तिथल्या तिथे विचारायची. वैमानिकांत हे मी फार कमी पाहिलं.

आता त्या दुपारकडे येतो.

माझी थोरली बहीण सुमनताई पूर्ण्याला दिली आहे. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता गोदामांची रांग उभी आहे, आणि भावजी त्यांतल्याच एका गोदामात सुपरवायझर आहेत. आई आजारी असायची, त्यामुळे लहानपणी मला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं सुमनताईने केलेलं. तिची मुलगी शीतल लग्न होऊन दूरच्या एका शहरात गेली होती. तिचे दिवस भरत आले होते आणि ताईला बाळंतपणाला जायचं होतं. भावजींना रजा नव्हती. रेल्वेने एकटीने एवढा प्रवास तिला झेपला नसता. विमानाला ती तयार होईना. मग निघालं असं, की त्या आठवड्यात मलाच त्या शहराच्या फेरीवर जायचं होतं. तिथल्या विमानतळावर आमच्या कामाचा इंजिनिअर नव्हता, म्हणून विमानाबरोबर एक जण पाठवत. हे ऐकून ताई लगेच तयार झाली. म्हणाली, “तू हायस ना इमानात, मंग मला भ्या न्हाय.”

विमान बिघडलं तर हवेत मी काही करू शकत नाही, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता.

ती डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. हवाई सुंदरीला तिने आल्या आल्या सांगून टाकलं, की माझा भाऊ पुढं बसलाय. मी खरंच पुढे बसलो होतो, कॉकपिटमध्ये, वैमानिकांच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर. डावीकडे कॅप्टन सरनाईक, उजवीकडे रेवती. त्या फेरीला विमान रेवती उडवत होती आणि सरनाईक तिच्यावर आणि यंत्रांवर लक्ष ठेवून होते. हे असंच असतं. एक जण उडवतो, दुसरा पाहतो आणि बोलतो.

प्रवास शांत झाला. शहर जवळ आलं तेव्हा हवेत धुरकट थर होता, खालचं नीट दिसत नव्हतं. नियंत्रण कक्षाने आम्हाला जरा उशिरा वळवलं, त्यामुळे आम्ही त्या उतरत्या वाटेच्या वरच्या अंगाला होतो. वरून वाट पकडायची तर ताकद कमी करून उतरावं लागतं. ऑटोपायलट उतरू लागला, दांडे मागे आले. त्यात नवल काही नव्हतं. सापळा नेमका तिथेच होता. दांडे मागे यायलाच हवेत अशा वेळी ते चुकीच्या कारणाने मागे आले, तर पाहणाऱ्याला फरक कसा कळणार?

मला कळला नाही, हे मी सरळ सांगतो. मी चाकं खाली आल्याचे हिरवे दिवे पाहत होतो.

रेवतीचा डावा हात दांड्यांवर होता. वाट पकडली गेली, विमान वाटेवर स्थिर झालं. आता वेग राखायला दांडे पुढे यायला हवे होते. ते आले नाहीत. ती नंतर म्हणाली, की दांडे नुसते मागे नव्हते, कुणीतरी मागे दाबून धरल्यासारखे होते. तिने ते किंचित पुढे ढकलून पाहिले. हात सैल पडताच ते परत मागे गेले.

“स्पीड,” ती म्हणाली. आणि लगेच, “थ्रॉटल पुढे येत नाही.”

सरनाईकांनी मान वळवली नाही, फक्त नजर फिरवली. हवेच्या दाबावर चालणारं उंचीचं यंत्र आम्ही जमिनीपासून दोन हजार फुटांच्या आसपास असल्याचं दाखवत होतं. त्यांच्या बाजूचा रेडिओ अल्टिमीटर मात्र शून्याच्याही खालचा आकडा दाखवत होता. म्हणजे त्याच्या मते आम्ही जमिनीत होतो.

“गो अराउंड,” सरनाईक म्हणाले. “ऑटोमॅटिक सगळं सोड. हाताने.”

गो अराउंड म्हणजे उतरणं रद्द, पुन्हा वर. रेवतीने दोन बटणं दाबली, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल सुटल्याचे इशारे वाजले, आणि तिने दांडे पुढे ढकलले. इंजिनाची ताकद यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात नाक वर खेचायचा मोह होतो, आणि वेग कमी असताना नाक खेचणं म्हणजे संकट ओढवून घेणं. तिने नाक धरून ठेवलं. सरनाईक वेग आणि उंचीचे आकडे वाचू लागले, पंचांग वाचावं तशा आवाजात. ताकद आली, वेग चढला, विमान वर निघालं.

बस, एवढंच झालं. धोक्याच्या रेषेपासून आम्ही अजून लांब होतो. पण ती रेषा कुठे आहे आणि आपण तिकडेच चाललो होतो, हे त्या कॉकपिटमध्ये आम्हा तिघांना माहीत होतं. आणि माझ्यामागे, दाराच्या पलीकडे, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन सुमनताई बसली होती.

त्या दुपारी सरनाईकांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी विमान स्वतःच्या हातात घेतलं नाही. मी मागून पाहत होतो. त्यांचे हात तयार होते, पण ते पुढे गेले नाहीत. त्यांच्या जागी दुसरा कुणी ज्येष्ठ असता तर त्याने पहिलं काम तेच केलं असतं.

दुसरी गोष्ट माझ्या बाबतीतली. विमान वर जायला लागलं तसं माझ्या डोक्यात बिघाडाची सगळी कारणं भराभर उभी राहिली. यंत्रच गेलं असेल, तार असेल, पोटाखालचा अँटेना असेल. मी तोंड उघडलं. सरनाईकांनी मागे न पाहता तळहात वर केला.

“पाटील, आत्ता कारण नको. आत्ता विमान.”

पुढे बरीच वर्षं नव्या इंजिनिअरांना मी हे वाक्य सांगत आलो.

वर गेल्यावर त्यांनी रेवतीला विचारलं, की पुढची उतरण तू करशील का. ती हो म्हणाली. मग त्यांनी प्रवाशांना साध्या हिंदीत सांगितलं, की उतरताना एका यंत्राचा आकडा चुकीचा दिसला, म्हणून आम्ही उतरलो नाही, आता एक वळसा घेऊन हाताने उतरवू, काळजीचं कारण नाही. ‘तांत्रिक कारणास्तव’ वगैरे भाषा नाही. दुसऱ्या वेळी रेवतीने पहिल्यापासून विमान हाताने आणलं. ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल बंद, हात दांड्यांवर. धुरक्यातून धावपट्टी दिसली, चाकं टेकली.

ताई मला भेटलीच नाही. मी दार उघडून बाहेर येईपर्यंत प्रवासी उतरले होते आणि जावई तिला घेऊन गेला होता. संध्याकाळी तिचा फोन आला. इमान गाव चुकलं होतं वाटतं, मंग वळवून आणलं, असं ती म्हणाली. आमची अंबाडीची एस.टी. एकदा थांबा सोडून पुढे गेली होती, तशातलीच गत तिला वाटली. ड्रायव्हर नवा आहे का, असंही तिने विचारलं. शीतलचे दिवस भरले होते. मी म्हटलं, सावकाश सांगेन.

खरा ताप जमिनीवर आल्यावर झाला. तेच विमान परतीचे प्रवासी घेऊन निघायचं होतं आणि प्रवासी लाउंजमध्ये बसलेले. मी डाव्या अल्टिमीटरची तपासणी लावली. यंत्र म्हणालं, मी ठीक आहे. पुन्हा लावली. पुन्हा ठीक. आमच्या धंद्यात कायमचा बिघाड परवडतो. येऊन-जाऊन राहणारा बिघाड माणसाला वेड लावतो. मुंबईहून कंपनीचा फोन आला. बोलणारे गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढे पुढच्या चार फेऱ्या अडकल्या होत्या. तपासणीत ठीक येतंय तर सही करा आणि या, असं त्यांचं म्हणणं. नियमाने पाहिलं तर बिघडलेल्या अल्टिमीटरसकट, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल न वापरण्याच्या अटीवर, विमान नेता येण्यासारखंही होतं. पण मुंबईत धुकं उतरायला लागलं होतं, त्यात हाताने उतरवणं अवघड, आणि बिघाड नक्की कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. कुठे आहे ते माहीत नसताना तो एकाच बाजूला आहे असं मी कशाच्या जोरावर लिहू?

सरनाईक पंखाखाली माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांना फोनबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाही म्हणेन. तुम्ही हो म्हणालात तर मी कारण विचारेन.”

मी मुंबईला फोन करून नाही सांगितलं.

मग आम्ही शोधायला लागलो. मी विमानाच्या पोटाखाली, सरनाईक वर कॉकपिटमध्ये. अंगात पांढरा युनिफॉर्म, त्यांची ड्यूटी संपल्यात जमा होती, तरी ते बसले. मी एकेक तार हलवायची आणि त्यांनी वरून आकडा सांगायचा, एवढाच खेळ. बराच वेळ आकडा जागचा हलला नाही. मग अँटेनाच्या मागच्या जोडाजवळची तार मी जरा पिळली आणि हेडफोनमध्ये त्यांचा शांत आवाज आला, “गेला. शून्याखाली.” जोड उघडला तर आत ओल. विमान धुताना म्हणा, हवेतली म्हणा, पाण्याची इवलीशी ओल. तिच्यामुळे लहर जमिनीपर्यंत न जाता वाटेतूनच परत फिरत होती आणि बिचारं यंत्र इमानदारीने सांगत होतं, की जमीन आली.

नवी तार दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने येणार होती. प्रवाशांना हे सांगायला कंपनीच्या काउंटरवरची माणसं पुढे होईनात. सरनाईक म्हणाले, मी सांगतो, तुम्हीही चला.

लाउंजमध्ये सगळ्यांत चढा आवाज होता रफिकभाईंचा. योगायोग असा, की ते भिवंडीचेच. शांतीनगरला त्यांचे पॉवरलूम. सुताच्या कामासाठी आले होते आणि सकाळी भिवंडीत त्यांच्याकडे माल बघायला पार्टी येणार होती. सरनाईकांनी सगळ्यांना काय झालं ते सांगितलं. बरेच जण ऐकून गप्प बसले. रफिकभाई बसेनात. मी भिवंडीचा आहे हे कळल्यावर त्यांनी मलाच धरलं.

“पाटीलसाब, मशीन ओके बोल रहा है ना? मग चला ना.”

मी त्यांना विचारलं, लूमवर आडवा धागा तुटला की लूम कोण थांबवतं. ते म्हणाले, काटा. लूमला एक छोटा काटा असतो, धागा नाही हे त्याला कळलं की तो लूम बंद करतो.

“आणि काटाच अडकला तर? धागा नाही आणि तो म्हणतोय, आहे.”

“फिर क्या, मशीन चलती रहेगी. कपडा खराब.”

“इथे कपडा नाही, रफिकभाई. माणसं बसलीत.”

मग मोबाईल काढून त्यांनी पार्टीला फोन लावला आणि उद्या दुपारी या म्हणून सांगितलं. त्यानंतर जो कुणी तक्रार घेऊन उठला त्याला रफिकभाईंनीच काटा आणि धागा समजावून खाली बसवलं. आमच्यापेक्षा बरं समजावलं.

काही आठवड्यांनी सरनाईकांनी वर्ग घेतला. वैमानिक होते, आम्ही इंजिनिअर होतो, रेवतीही होती. मला वाटलं होतं, ते नियमाची महती सांगतील, आपल्या शिकवणीचं फळ दाखवतील. तसा त्यांचा हक्कही होता. पण ते सुरुवातीलाच म्हणाले, की चूक जिथे झाली तिथून सांगतो, आणि ती माझी आहे. नियंत्रण कक्षाने आम्हाला उशिरा आणि उंचावर वळवलं तेव्हाच मी नकार देऊन आणखी एक वळसा मागायला हवा होता. मी तडजोड केली. वाटेवर खालून, नेहमीसारखे आलो असतो तर दांडे मागे गेलेले आंधळ्यालाही कळले असते. एवढ्या ज्येष्ठ माणसाने, कुणी न विचारता, असं काही बोलल्याचं आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं.

एका वैमानिकाने विचारलं, की तुम्ही कंट्रोल स्वतःकडे का घेतला नाही.

“विमान तिच्या हातात होतं आणि हात योग्य जागी होता,” सरनाईक म्हणाले. “मी घेतलं असतं तर हात बदलण्यात वेळ गेला असता. आणि पुढे कधी ती माझ्याआधी बोलली नसती.”

त्यानंतर आमच्याकडे उंचावरून वाट पकडायला नाही म्हणण्याची मुभा लेखी आली, आणि दांड्यांवर हात ठेवण्याचा हेडमास्तरांचा हट्ट सगळ्यांसाठी नियम झाला. आता नवी विमानं दोन्ही अल्टिमीटरचे आकडे आपसांत ताडून पाहतात, जमले नाहीत तर ऑटोथ्रॉटलला गप्प बसवतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी असं बदललेलं विमान पहिल्यांदा तपासलं तेव्हा मला कुणीतरी आपलं ऐकल्यासारखं वाटलं.

सरनाईक निवृत्त होऊन गावी गेले. ऊस बघायला या, असं ते दर दिवाळीला फोनवर सांगत. मी दर दिवाळीला येतो म्हणत राहिलो. मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. गेलो, पण ते नव्हते. त्यांच्या घरच्यांना त्या दुपारची गोष्ट माहीतच नव्हती. मी तिथे ओसरीवर बसून ती त्यांना सांगितली.

सुमनताईचं सांगायचं राहिलं.

शीतलला मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर ताईला परत आणायला मी सुट्टी काढून गेलो. परतीचं तिकीट विमानाचंच होतं, आणि मला आदल्या दिवशी कळलं, की त्या विमानावर रेवती आहे. ताईला पूर्ण खरं सांगितल्याशिवाय पुन्हा विमानात बसवणं मला बरं वाटेना. शीतल म्हणाली, मामा, नका सांगू, आई स्टेशनावरच जाऊन बसेल.

सकाळी ताई न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसली होती आणि पायांवर पालथं घातलेल्या बाळाला आंघोळ घालत होती. मी दारात उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. इमान गाव चुकलं नव्हतं. यंत्र खोटं बोललं, ते एका मुलीच्या हाताला कळलं, तिने विमान वर नेलं, आणि आपल्या आजच्या विमानावर तीच मुलगी आहे. ताई पाणी घालत राहिली. बाळाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाशी हाताची आड धरलेली. बाळ रडायचं थांबलं तेव्हा तिने विचारलं,

“तिला भ्या वाटलं आसंल ना?”

मी म्हटलं, त्या वेळी नाही. संध्याकाळी हॉटेलात चहा प्यायला बसलो तेव्हा तिच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. तिने तो खाली ठेवला. सरनाईकांनी तिच्याकडे न बघता दुसरा विषय काढला, आणि ती सावरेपर्यंत उसाच्या जातींवर बोलत राहिले.

ताईने बाळाला उचलून पंच्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

“मंग जाऊ तिच्याच संगं,” ती म्हणाली. “काम झाल्यावर भ्यायली. तसंच पायजे.”

विमानात चढताना रेवती दारापाशी आली होती. मी ओळख करून दिली. ताईने तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मुंबई जवळ आली. खाडी दिसली. विमान उतरू लागलं तसं मी सवयीने इंजिनाच्या आवाजाकडे कान लावला. तो कमी झाला, वाढला, पुन्हा कमी झाला. ताईला खाडी दाखवायला म्हणून वळलो तर ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती.